तुम्ही विचारलंत म्हणून: बॉम्ब आहे, मग हल्ला का होतो?

७ मे २०२५च्या संध्याकाळी ग्वाल्हेरात भोंगा वाजला आणि आमच्या गल्लीतले दिवे मालवले गेले. नागरी संरक्षणाचा सराव होता, सगळ्यांना सकाळपासून ठाऊक होतं. तरी अंधार पडला तशी माणसं ओट्यावर येऊन बसली. त्याच दिवशी पहाट व्हायच्या आधी ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं होतं आणि पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. शेजारचा नववीतला मुलगा माझ्याजवळ येऊन टेकला. आधी म्हणाला, “मावशी, बत्ती कधी येणार?” आणि मग हळूच, “आपल्याकडे अणुबॉम्ब आहे ना? मग ते आपल्यावर हल्ला करतातच कसे?”

हा प्रश्न मला गेली पंचवीस वर्षं विचारला जातोय. राज्यशास्त्र शिकवत होते तेव्हा वर्गात विचारला जायचा. आता निवृत्त झाले, तर गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता कुणी तरी विचारतं. मला स्वतःलाही तो लहानपणीच पडला होता. डिसेंबर १९७१मध्ये मी दुसरीत होते. बाबांनी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता. तीन तारखेच्या रात्री आग्र्याच्या विमानतळावर बॉम्ब पडले आणि आग्रा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. आपलं सैन्य एवढं मोठं, तर त्यांना भीती कशी वाटली नाही, असं मी आईला विचारलं होतं. आईनं मला जवळ घेतलं, उत्तर दिलं नाही. त्या मे महिन्यातल्या अंधारात मीही त्या मुलाला नीट उत्तर दिलं नाही. ते आज देते.

पाठ्यपुस्तकात या विषयाला, म्हणजे भीती घालून शत्रूला हल्ल्यापासून रोखण्याला, ‘प्रतिरोधन’ म्हणतात. हा शब्द मी जन्मभर शिकवला, पण तो मला कधी पटला नाही. आपल्याकडे त्यापेक्षा चांगले शब्द आहेत आणि प्रत्येकाची जात वेगळी आहे. धाक घालावा लागतो, जरब बसवावी लागते, वचक ठेवावा लागतो. दरारा मात्र असतो किंवा नसतो. आणि दहशत ही या सगळ्यांहून निराळी. आमच्या घरात आजोबांचा धाक होता. त्यांनी कुणाला कधी बोट लावलेलं मला आठवत नाही. हात उगारावा लागला असता तर त्याला धाक म्हटलंच नसतं. आणि आम्हा मुलांना दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या: अमुक केलं तर आजोबा रागावतील आणि नाही केलं तर मुळीच रागावणार नाहीत. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. काही न करताही ज्याला मार बसतो ते मूल कोडगं होतं. त्याला मग कशाचाच धाक उरत नाही.

राष्ट्रांच्या धाकाबद्दल गेल्या ऐंशी वर्षांत जे काही विचार झाले, ते मला या दोन गोष्टींच्या उजेडात दिसतात. पहिलीवर मोठमोठ्या बुद्धीच्या माणसांनी अपार मेहनत घेतली. दुसरी ठेचा खात, उशिरा सापडली आणि अजून पुरती हाती आलेली नाही.

बॉम्बच्या आधीचा धाक कसा होता, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. मान वर केली की किल्ला दिसतो. उभा कडा, वर तटबंदी, आत पाण्याचे तलाव. ‘हा जिंकायला आलात तर वर्ष जाईल, माणसं जातील आणि शेवटी हाती काही लागणार नाही’ असं तो येणाऱ्याला सांगायचा. ग्लेन स्नायडर या अभ्यासकानं १९६१मध्ये धाकाचे दोन प्रकार नीट वेगळे करून मांडले: एक ‘तुला जमणारच नाही’ असं पटवणारा आणि दुसरा ‘जमेल, पण फार महागात पडेल’ असं बजावणारा. किल्ला पहिल्या प्रकारातला. पण ऑगस्ट १७८०मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपम या अधिकाऱ्याच्या फौजेनं रात्री शिड्या लावून हा किल्ला घेतला. तेव्हा वर शिंद्यांची शिबंदी होती. तिथं कुणी चढूच शकत नाही यावर सगळ्यांचा भरवसा होता आणि त्या भरवशानंच घात केला. मी दरवर्षी मुलांना किल्ल्यावर नेऊन हा प्रसंग सांगत असे, कारण त्यात एक गोष्ट लखलखीत दिसते. धाक दगडात नव्हता. तो खाली उभ्या असलेल्या माणसाच्या मनात होता, आणि त्या रात्री खाली उभ्या असलेल्यांच्या मनात तो नव्हता.

१९४५मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली आणि दुसरा प्रकार एकदम सगळ्यांवर स्वार झाला. बर्नार्ड ब्रोडी या अमेरिकी अभ्यासकानं १९४६मध्येच लिहिलं की आजवर सैन्याचं मुख्य काम युद्ध जिंकणं हे होतं, यापुढं ते युद्ध टाळणं हे असेल. हे वाक्य आज साधं वाटतं. पण ज्या जगात सैन्य म्हणजे लढायचं साधन हे हजारो वर्षं गृहीत होतं, तिथं हे म्हणणं किती धाडसाचं होतं याचा विचार करा. पुढारी मात्र अजून जुन्याच हिशेबात होते. जानेवारी १९५४मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी जाहीर केलं की कुठंही आगळीक झाली तर आम्ही आमच्या पसंतीच्या जागी, आमच्या पद्धतीनं प्रचंड प्रत्युत्तर देऊ. सीमेवरच्या एका चौकीसाठी तुम्ही खरंच सगळं जग पेटवाल का, असा प्रश्न लगेच आला. ज्या धमकीवर कुणाचा विश्वास बसत नाही तिचा धाक कसला?

मग आले अल्बर्ट वोलस्टेटर हे अमेरिकी अभ्यासक. ‘आपल्याकडे बॉम्ब आहेत का’ याऐवजी ते विचारत होते, ‘शत्रूनं पहिला घाव घातल्यावर आपल्याकडे काय शिल्लक राहील?’ अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं शत्रूच्या जवळच्या तळांवर उघड्यावर उभी होती. एका अचानक हल्ल्यात ती संपली असती. असा दुबळा धाक शत्रूला थांबवत नाही, उलट ‘आधी तूच मार’ म्हणून बोलावतो, हे त्यांनी १९५९मध्ये सांगितलं. हे वाचलं तेव्हा मला आमचा महाराजपूरचा हवाई तळ आठवला. १९८५मध्ये मिराज विमानं तिथं आली, तेव्हापासून त्यांचा आवाज आमच्या दुपारच्या झोपेचा भाग झालाय. तळ जवळ असला की शहराला अभिमान वाटतो. पण तळ म्हणजे शत्रूचं लक्ष्यही असतं, हे त्या ब्लॅकआउटमध्ये गल्लीतल्या प्रत्येकाला न बोलता कळत होतं.

वोलस्टेटर यांच्या प्रश्नातूनच पाणबुड्यांचं महत्त्व वाढलं, कारण समुद्राखाली दडलेली पाणबुडी पहिल्या घावात सापडत नाही. आपली ‘अरिहंत’ त्याच विचाराची. जो ‘मी पहिला अण्वस्त्र वापरणार नाही’ म्हणतो, त्याला मार सोसून उभं राहता आलंच पाहिजे. नाही तर त्याचं वचन नुसतं तोंडाचं.

इथपर्यंत सगळं धाकाच्या पहिल्या अर्ध्याबद्दल, म्हणजे ‘अमुक केलंस तर रागावीन’ याबद्दल होतं. दुसऱ्या अर्ध्यावर नेमकं बोट ठेवलं ते टॉमस शेलिंग यांनी. ते अर्थशास्त्रज्ञ, २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की ‘एक पाऊल पुढं टाकलंस तर गोळी घालीन’ या धमकीत ‘आणि थांबलास तर नाही घालणार’ हे वचन दडलेलं असतं. ते वचन समोरच्याला खरं वाटलं नाही, तर धमकी कितीही खरी असो, तो थांबणार कशाला? तो म्हणेल, मरायचंच आहे तर पुढं जाऊन मरतो.

मला यात नवल वाटलं नाही, कारण हे मी लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. आजीबरोबर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मठात जायची. तिथं कृष्णशिष्टाईचं आख्यान लागलं की बुवा विश्वरूपाचं वर्णन करताना आवाज चढवायचे, पण निरूपणात सांगायचे ते वेगळंच: देवानं विश्वरूप मागाहून दाखवलं, आधी पाच गावं मागितली. म्हणजे दुर्योधनाला परतीची वाट ठेवली होती. त्यानं सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन नाकारली, ही पुढची गोष्ट. दोन्ही अर्धे नीट जुळवूनही धाक फसू शकतो, हेही त्या आख्यानात आहे आणि ते मी लपवणार नाही.

क्यूबाचा प्रसंग इथं थोडा सविस्तर सांगते, कारण त्यातून साऱ्या जगानं अर्धाच धडा घेतला. ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात, अमेरिकेची नाकेबंदी, सगळं जग श्वास रोखून. शेवटी सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं परत न्यायचं कबूल केलं. जगाला दिसलं ते एवढंच की अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले आणि समोरचा नमला. पण २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले होते. तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं आम्ही काही महिन्यांत हलवू, मात्र हे उघड बोलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. ती खरोखर हलवलीही गेली. क्यूबावर आक्रमण करणार नाही हे वचन तर जाहीरच होतं. पण क्षेपणास्त्रांची देवघेव कितीतरी वर्षं झाकलेली राहिली आणि तोवर एक अख्खी पिढी ‘ठाम राहा, समोरचा वाकतो’ एवढंच शिकून मोठी झाली. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. सलोख्याची बाजू लाज वाटावी अशी लपवली गेली आणि तिची किंमत पुढच्या अनेक युद्धांत माणसांनी मोजली.

त्याच २७ ऑक्टोबरला समुद्रात आणखी काही घडत होतं. बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर यायला लावण्यासाठी अमेरिकी नौका सरावाचे स्फोटक गोळे टाकत होत्या. तिच्यात अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आत हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही, कप्तानाला वाटलं वर युद्ध पेटलंय. वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानं त्याला थोपवलं, असं त्यांच्या सहकाऱ्यानं पुढं सांगितलं. त्या क्षणी वॉशिंग्टन किंवा मॉस्कोतला कुठलाही सिद्धांत कामाला आला नाही. एका माणसाचं डोकं थंड राहिलं, म्हणून आपण आहोत. पुढच्याच वर्षी दोन्ही राजधान्यांत थेट संपर्काची सोय झाली.

यानंतर अभ्यासकांचं लक्ष शस्त्रांवरून मनाकडे वळलं. रॉबर्ट जर्विस यांनी १९७६मध्ये दाखवून दिलं की राज्यकर्ते समोरच्याला तो आहे तसा पाहत नाहीत, आपल्या आधीच्या समजुतीप्रमाणे पाहतात. आपण बचावासाठी म्हणून जे करतो ते त्याला चढाई वाटते. तो घाबरून काही करतो, ते आपल्याला माज वाटतो. सप्टेंबर १९८३मध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह या सोव्हिएत अधिकाऱ्याच्या पडद्यावर अमेरिकेनं पाच क्षेपणास्त्रं सोडल्याचा इशारा आला. खरा हल्ला पाचांनी कशाला होईल, असा विचार करून त्यांनी तो चुकीचा इशारा असल्याचं वर कळवलं. ढगांवर चमकलेल्या उन्हानं उपग्रहाला फसवलं होतं. दोन वर्षांनी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी जिनिव्हात एकत्र सांगितलं की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढता कामा नये. हे दोघांनी मिळून म्हणणं, हाच तो दुसरा अर्धा.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण तुमचा प्रश्न इथला आहे.

मे १९९८मध्ये आपण पोखरणला चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननं चागाईत केल्या. माझ्या वर्गात त्या वेळी मोठा आनंद होता. मुलं म्हणत होती, आता युद्ध संपलं. फेब्रुवारी १९९९मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर सापडले. हे कसं झालं याचं उत्तर स्नायडर यांनी १९६५मध्येच दिलं होतं: वरच्या पायरीवर दोघांचीही कोंडी झाली, मोठं युद्ध कुणालाच परवडणार नाही हे ठरलं, की खालच्या पायऱ्यांवर खोड्या काढायला धीर येतो. म्हणजे बॉम्बनं मोठं युद्ध अडवलं आणि त्याच अडवण्याच्या आडोशानं लहान हल्ले वाढले. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

पण कारगिलला आणखी एक गोष्ट घडली. इथल्या मिराज विमानांनी टायगर हिलवर लेसरनं नेम धरून बॉम्ब टाकले, मात्र हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची नाही अशी सक्त ताकीद होती. शिखरांवर जवान धारातीर्थी पडत होते आणि तरी ती रेषा पाळली गेली. तेव्हा पुष्कळांना तो दुबळेपणा वाटला. मला आजही ते मोठ्या हिमतीचं काम वाटतं. त्या संयमामुळं लढाई जिथं सुरू झाली तिथंच राहिली आणि जग आपल्या बाजूनं उभं राहिलं.

त्यानंतर दर वेळी आपण एक पायरी वर चढलो. २०१६मध्ये उरीनंतर नियंत्रण रेषेपलीकडच्या तळांवर कारवाई झाली. २६ फेब्रुवारी २०१९ला पहाटे ग्वाल्हेरहून उडालेल्या मिराज विमानांनी पाकिस्तानातल्या बालाकोटवर बॉम्ब टाकले. विमानांची आम्हाला इतकी सवय की मी गाढ झोपेत होते. सकाळी टीव्ही लावला तेव्हा कळलं. २०२५मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, मग नऊ ठिकाणी हल्ले आणि पुढचे चार दिवस ड्रोन, क्षेपणास्त्रं, हवाई तळ. या प्रत्येक वेळी सरकारनं एक वाक्य आवर्जून उच्चारलं, तिकडं लक्ष द्या. २०१६ला सांगितलं, कारवाई पुढं चालू ठेवायचा विचार नाही. २०१९ला म्हटलं, ही लष्करी ठिकाणांवरची कारवाई नव्हे. ७ मेला म्हटलं, मोजकी, नेमकी, तणाव न वाढवणारी. ‘थांबलात तर आम्हीही थांबू’ हेच ते वचन. ते नसतं तर ती चार दिवसांची गोष्ट चार दिवसांत थांबली नसती.

दहशतवाद्यांना याचा धाक बसतो का? जरब बसते, असं मी म्हणेन. आणि जरबेचा स्वभावच असा की ती काही काळानं उतरते. ज्याच्याकडं गमवायला गाव नाही, जमीन नाही, त्याला परतफेडीची भीती घालता येत नाही, हे अमेरिकेनंही २००१नंतर मान्य केलं. तिथं किल्ल्याचा धाक लागतो: कुंपण, खबर, पोलीस, ‘तुला जमणारच नाही’ हे. आणि त्याला पोसणाऱ्या सरकारला दुसरा. दोन धाक दोन वेगळ्या कानांसाठी असतात. ते एकत्र केले की गोंधळ होतो, आणि टीव्हीवरच्या चर्चांत रोज तेच होतं.

दुसऱ्या अर्ध्याचं वचन मोडलं की काय होतं, ते युक्रेननं दाखवलं. १९९४मध्ये बुडापेस्टला अमेरिका, ब्रिटन आणि रशियानं त्यांच्या सीमांचा मान राखायचं लेखी दिलं आणि युक्रेननं आपल्या भूमीवरची सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं रशियाला सोपवली. २०१४ आणि २०२२च्या रशियाच्या हल्ल्यांनंतर कुठल्या देशाला कोण कुठल्या तोंडानं सांगणार की शस्त्र खाली ठेव, आम्ही आहोत?

मला पायऱ्यांची भीती वाटते, ती चुकीमुळं. मार्च २०२२मध्ये आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. २००५च्या करारानुसार दोन्ही देश बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचणीची आगाऊ सूचना एकमेकांना देतात, पण ब्राह्मोस क्रूझ प्रकारातलं, ते त्या करारात बसतच नाही. सुदैवानं त्यावर स्फोटकं नव्हती, दिवस शांततेचे होते, आणि आपल्याकडच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. तेच ८ मे २०२५ला सुटलं असतं तर? हा विचार मनात आला की मला अजून झोप लागत नाही.

त्या अंधारात त्या मुलाला मी हे काहीच सांगू शकले नाही. पण दिवे आल्यावर त्याला घरात बोलावलं आणि कपाटातली एक जुनी वही दाखवली. तिच्यात वर्तमानपत्रातली छोटी छोटी कात्रणं चिकटवलेली आहेत, सगळी २ जानेवारीची. भारत आणि पाकिस्ताननं डिसेंबर १९८८मध्ये करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांच्या हाती देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती, त्या २००२च्या जानेवारीत दिली. बालाकोटनंतर दिली.

मुलगा बराच वेळ पानं उलटत होता. मग म्हणाला, “म्हणजे मावशी, आपली केंद्रं कुठं आहेत ते आपणच त्यांना लिहून देतो?”

“हो. आणि ते आपल्याला.”

“आणि पुढच्या जानेवारीतही देणार?”

मी म्हटलं, २ जानेवारीला ये, आपण दोघं मिळून पेपरात शोधू. कोपऱ्यातली बातमी असते, नीट बघावं लागतं.